हॅड (इंग्रजी क्रियापद)

'हॅव' या इंग्रजी क्रियापदाचे भूतकाळी रूप. शाळेत ज्याला तिसरे रूप म्हणतात तेही 'हॅड'च. म्हणून 'ही हॅड हॅड अ फीव्हर' (त्याला ताप येऊन गेला होता) हे वाक्य शुद्ध आहे. कर्ता कोणताही असो, रूप बदलत नाही. होता-होती-होते सांभाळणाऱ्या मराठी भाषकाला ही सोयच आहे. अडचण येते ती अर्थाची.

'हॅव'ला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. सायकल माझ्याकडे होती, भाऊ मला होते, मिसळ खाल्ली, चहा घेतला. इंग्रजीत चारही ठिकाणी 'हॅड' चालते. इंग्रजीत ज्याचे आहे तो कर्ता. मराठीत सायकल कर्ता होते आणि मालक 'कडे' लावून बाजूला उभा राहतो. त्यामुळे हे क्रियापद सुटे पाठ करून उपयोग नाही, ते वाक्यासकटच शिकावे.

साहाय्यक क्रियापद म्हणून 'हॅड' भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची घटना दाखवते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पुण्यात पूर आला. 'व्हेन द वॉटर रीच्ड पुणे, द डॅम हॅड ऑलरेडी बर्स्ट' या वाक्यात पाणी पोहोचणे भूतकाळातले, धरण फुटणे त्याच्याही आधीचे.

पुण्यात सर्रास ऐकू येणारी चूक इथलीच आहे. 'काल मी तुळशीबागेत गेले होते' हे निर्दोष मराठी वाक्य. त्यातले 'होते' जाऊन आल्याचे सुचवते. त्यावरून 'आय हॅड गॉन टू तुळशीबाग यस्टरडे' असे म्हटले जाते. पण 'त्याआधी' म्हणावे अशी दुसरी घटनाच नसल्याने इंग्रजी भाषकाला ते अर्धवट वाटते. तिथे 'आय वेन्ट' हवे. ही चूक निष्काळजीपणाची नाही, मराठीचा नियम इंग्रजीला लावल्याची आहे. शिकवणाऱ्याने नुसती लाल रेघ न मारता दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत.

'हॅड टू' म्हणजे '-वे लागले': आय हॅड टू वॉक, मला चालत जावे लागले. 'आय हॅड माय हेअर कट' म्हणजे केस कापून घेतले. 'इफ' गाळून 'हॅड आय नोन' म्हटले की 'मला कळले असते तर'. बोलताना 'हॅड'चा नुसता 'ड' उरतो, 'वुड'चाही तसाच; पुढे तिसरे रूप आले तर 'हॅड', मूळ रूप आले तर 'वुड'.

'हॅड बेटर'मध्ये रूप भूतकाळाचे असूनही सल्ला पुढचा असतो. मराठीतही तसेच होते: 'यू हॅड बेटर लीव्ह', तू आता निघालेलं बरं.