‘आजकालची पोरं’ मोजायची कशी?

‘आजकालची पोरं एका नोकरीत टिकत नाहीत’ हे विधान तपासायचं, तर बहुतेक जण विशीतल्या हजार आणि पन्नाशीतल्या हजार लोकांना एकच प्रश्न विचारतील आणि उत्तरांतली तफावत ‘पिढीचा फरक’ म्हणून छापतील. गफलत इथेच होते. पन्नाशीतल्या माणसामागे घराचे हप्ते आणि मुलांच्या फिया असतात. तो स्वतः विशीत असताना किती नोकऱ्या बदलत होता, हे त्या तक्त्यात कुठेच नसतं.

लोकांच्या मतांत फरक दिसला की त्यामागे तीन गोष्टी असू शकतात. एक, वय: विशी ओलांडली की पुष्कळ मतं आपोआप मवाळ होतात. दोन, काळ: 2020 ची टाळेबंदी आजोबांवर आणि नातवावर एकाच वेळी आली. तीन, खरी पिढी: कोवळ्या वयात जे बसलं, ते पुढेही टिकलं. आता हे सोपं गणित बघा: सर्वेक्षणाचं वर्ष वजा जन्मवर्ष म्हणजे वय. तिन्हींपैकी दोन ठरले की तिसरं आपोआप ठरतं. त्यामुळे संगणक कितीही मोठा लावला, तरी या तीन परिणामांची फोड निव्वळ आकड्यांतून होत नाही. कुठेतरी एक गृहीतक धरावंच लागतं, आणि ते कोणतं धरलं हे प्रामाणिकपणे सांगावं लागतं. बातम्यांत नेमकं तेवढंच गळतं.

त्यातल्या त्यात बरी वाट म्हणजे वय पक्कं धरायचं आणि वर्षं बदलायची. आजच्या विशीतल्यांची तुलना त्यांच्या आईवडिलांशी करायची नाही, वीस वर्षांपूर्वीच्या विशीतल्यांशी करायची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अशी तुलना करता येते. 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण देशात 2005-06 मध्ये 47.4 टक्के होतं, 2015-16 मध्ये 26.8 आणि 2019-21 मध्ये 23.3. वयोगट तोच असल्यामुळे वयाचा मुद्दा बाद झाला. पहिल्या दहा वर्षांत आकडा निम्म्याजवळ आला आणि मग उतार मंदावला. हे मुलींची मूल्यं बदलल्यामुळे झालं की घरच्यांची, की शाळा लांबल्यामुळे, हे मात्र या आकड्यांवरून कळत नाही. तरीही ‘लग्न कधी व्हावं असं तुम्हाला वाटतं?’ यापेक्षा ‘कधी झालं?’ हा प्रश्न केव्हाही भरवशाचा.

थेट मूल्यंच विचारायची असतील तर प्रश्नाची बांधणी महत्त्वाची ठरते. ‘स्वातंत्र्य महत्त्वाचं आहे का?’ असं विचारलं की सगळेच मान डोलावतात. म्हणून रोनाल्ड इंगलहार्ट या राज्यशास्त्रज्ञाने चार उद्दिष्टं एकत्र समोर ठेवली: सुव्यवस्था राखणं, सरकारी निर्णयांत लोकांना अधिक वाव देणं, भाववाढ रोखणं आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य जपणं. त्यांतून आपल्या लेखी सर्वांत महत्त्वाचं एक आणि त्याखालोखालचं दुसरं निवडायचं. एकाला हो म्हणताना दुसऱ्याला मागे सारावं लागतं, तेव्हा कुठे कल दिसतो. इंगलहार्टचा तर्क असा, की वाढत्या वयात जे दुर्मीळ होतं त्याचीच किंमत माणूस पुढे जन्मभर जास्त धरतो.

पण एकाच वर्षी जन्मले म्हणून सगळे एका पिढीचे होत नाहीत. समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइमने हे 1928 मध्येच मांडलं होतं: तरुणपणी अनुभवही सामायिक असावा लागतो. 2001 साली पुण्याच्या कोथरूडमध्ये आणि गडचिरोलीतल्या भामरागडमध्ये जन्मलेल्या दोन मुलांच्या हातात इंटरनेट एकाच वयात आलं असेल, असं समजायचं कारण नाही. तरी आपण 1997 ते 2012 या जन्मवर्षांची, अमेरिकेत आखलेली ‘जेन झी’ची चौकट जशीच्या तशी उचलतो. ती चौकट रूढ करणाऱ्या प्यू या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेनेच 2023 मध्ये जाहीर केलं, की समान वयाच्या टप्प्यावर तुलना करता येत असेल तरच पिढ्यांचं विश्लेषण करू. आपल्याकडे रेषाच ओढायची असेल, तर 1991 चं उदारीकरण आणि 2016 नंतरचा स्वस्त डेटा या जास्त खऱ्या खुणा आहेत.

मोजणाऱ्याचं मनही यात लुडबुड करतं. अमेरिकेत 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की ज्यांचं स्वतःचं वाचन दांडगं, त्यांनाच ‘हल्लीची मुलं वाचत नाहीत’ असं जास्त वाटतं. आजचे आपण जसे आहोत, तसेच लहानपणी सगळे होते, अशी आठवण मन रचतं.

तेव्हा तरुणांवरचा अहवाल हाती आला की आधी नमुना बघावा. हजार जणांच्या सर्वेक्षणात साधारण तीन टक्के इकडे-तिकडे चालतं. पण त्यांतले 18 ते 24 वयाचे दीडशेच असतील, तर त्यांच्यापुरती ही चूक आठ टक्क्यांवर जाते, आणि ‘तरुणाईत पाच टक्क्यांनी वाढ’ ही ठळक बातमी तिथेच विरते. मग मुलाखत कुठे झाली ते शोधावं. एकोणीस वर्षांच्या मुलीला आंतरजातीय लग्नाबद्दल ओसरीवर विचारलं आणि मागे काका पेपर वाचत बसले असतील, तर कागदावर बऱ्याचदा काकांचंच उत्तर उतरतं.