आवाका वाढला की पेच?

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या दिवसांत आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटक रात्रभर चालतं. इथला प्रेक्षक परीक्षण वगैरे सांगत नाही, पण नाटक कुठं पडलं ते बरोबर सांगतो, "दोन वाजता आम्ही चहाले उठलो न जी." एका साली असंच झालं. आदल्या वर्षी नाटक गाजलं म्हणून मंडळींनी दुसऱ्या वर्षी सगळंच वाढवून आणलं. लावण्या दोनाच्या चार, खलनायक एकाचे तीन, वर धूर सोडायचं यंत्र. त्या रात्री मंडपात जागा होती, चहाच्या टपरीवर नव्हती.

सुपरहिरोच्या सिनेमाच्या पुढच्या भागात नेमकी हीच गल्लत होते. आवाका आणि पेच या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. शत्रू किती, इमारती किती पडतात, शहर जाणार की पृथ्वी, हा झाला आवाका. हिरोला काय सोडावं लागणार, कोणाला दिलेला शब्द मोडावा लागणार, हा पेच. पोस्टरवर आवाकाच मावतो, त्यामुळे पोट्टेही "मागच्यापेक्षा मोठा हाय" एवढंच सांगत फिरतात.

धान चुरायच्या दिवसांत एकदा लाइट गेलेली असताना भाच्यानं मोबाईल पाण्याच्या गुंडाला टेकवून २००४ चा 'स्पायडर-मॅन २' लावला, हिंदीतला. आई शेजारी सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती. तिला जाळं फेकणाऱ्या माणसाशी काही घेणंदेणं नव्हतं. पण हा पोरगा पिझ्झा वेळेत पोचवू शकत नाही, नोकरी जाते, घरभाडं थकतं, हे दिसलं तशी तिची निवडण्याची गती मंदावली. मधेच त्याची शक्ती जाते. पोशाख घालून तो लिफ्टनं खाली येतो, सोबतचा माणूस पोशाखाची तारीफ करतो आणि हा सांगतो, अंगाला खाजतो. भाचा खोखो हसला. पुढं धावती रेल्वे थांबवून तो बेशुद्ध पडतो, तोंडावर मुखवटा नसतो आणि डब्यातली माणसं त्याला हातांवर झेलून आत घेतात. आई म्हणाली, "कोणाचं लेकरू हाय बाप्पा ते!" त्या सिनेमात खलनायक मोजून एक आहे, पाठीला चार लोखंडी हात असलेला शास्त्रज्ञ. २००७ च्या तिसऱ्या भागात तीन आले. तो सिनेमा अर्धा पाहून भाचा क्रिकेट खेळायला गेला.

बॅटमॅनचं उदाहरण तर आणखी उलटं आहे. २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स'मध्ये अख्ख्या गॉथम शहराला विषारी वाफेनं वेडं करायचा कट होता. २००८ च्या 'द डार्क नाइट'मध्ये शेवटाकडचा सगळ्यात ताणलेला प्रसंग दोन बोटींचा आहे. एकीत कैदी, दुसरीत साधी माणसं, आणि प्रत्येक बोटीवर दुसरी बोट उडवायचं बटण. मध्यरात्रीच्या आत दाबा, नाहीतर दोन्ही उडतील. म्हणजे धोका शहरावरून दोन बोटींवर आला, आवाका घटला, तरी खुर्चीचा हात घट्ट धरावा लागतो. याउलट १९९७ च्या 'बॅटमॅन अँड रॉबिन'मध्ये बर्फवाला, विषारी वेलीवाली, वर बॅटगर्ल, नुसती जत्रा. त्यानंतर बॅटमॅनचा पुढचा सिनेमा यायला २००५ उजाडलं.

आपल्याकडचा 'क्रिश' (२००६) घ्या. 'कोई मिल गया'चा (२००३) तो पुढचा भाग, म्हणूनच २०१३ ला थेट 'क्रिश ३' आला. दोन नंबर कुठं गेला, हा प्रश्न आमच्या गावात अजून कोणीतरी विचारतंच. 'क्रिश'मध्ये पोरानं आजीला शब्द दिलेला असतो की आपली शक्ती कोणाला दाखवणार नाही. सर्कशीला आग लागते, आत पोरं अडकतात. शब्द पाळायचा की पोरं वाचवायची? तो पडलेला तुटका मुखवटा उचलून तोंडाला लावतो. मुखवटा पोशाख म्हणून नाही, पेचातून निघाला. 'क्रिश ३'मध्ये मुंबईभर रोगाची साथ आहे, माणूस आणि प्राणी मिसळून केलेले जीव आहेत, नुसत्या मनानं वस्तू हलवणारा खलनायक आहे. सिनेमा चालला, पण मला अजून आठवतो तो आगीसमोर घुटमळलेला पोरगाच.

म्हणून आवाका वाईट, असं नाही. मोठं दृश्य पडद्यावर पाहायला मजाच येते. पण ते रश्श्यातल्या तर्रीसारखं आहे, खाली रस्सा लागतो. 'शक्ती काढून घ्या' हा उपायही दरवेळी चालत नाही. तिसऱ्यांदा तेच पाहिलं की कळतं, शेवटी परत मिळणारच आहे.

दोन्ही एकत्र जमलेला सिनेमा म्हणून मी आईला एकदा २०१८ चा 'इन्फिनिटी वॉर' दाखवला. त्याहून मोठा आवाका कुठला आणायचा? चुटकीसरशी विश्वातले अर्धे जीव धूळ होऊन जातात. मधे शक्ती देणाऱ्या एका दगडासाठी खलनायक स्वतःच वाढवलेल्या लेकीला कड्यावरून लोटतो, रडत रडत. सिनेमा संपला, भाचा बोटं मोडून कोण कोण गेलं ते मोजत होता. आईनं चष्मा पुसला अन् विचारलं, "त्या बापानं लोटली त्या पोरीचं पुढं काय झालं रे?"