भाड्याने द्यायला फ्लॅट घेताय? हिंमत आणि ऐपत वेगवेगळी मोजा

‘रिस्क घ्यायची माझी तयारी आहे,’ असं म्हणणारा बहुतेक वेळा हिमतीबद्दल बोलत असतो. बँक पगार बघून कर्ज मंजूर करते तेव्हा ती ऐपत मोजते, पण तीही स्वतःचा हप्ता वसूल होईल का एवढ्यापुरतीच. भाडं थांबलं तर तुमचं घर कसं चालेल, हे दोघांनीही विचारात घेतलेलं नसतं.

ऐपत कागदावर निघते. पुण्याच्या उपनगरातला ६० लाखांचा टू बीएचके धरा. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ लाख, ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्काचे ४ लाख २० हजार आणि नोंदणीचे ३० हजार पदरचे. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांचा हप्ता साधारण ४१,६५० बसतो. भाडं १८ हजार आणि मेंटेनन्स ३ हजार धरला तर भाडेकरू असतानाही दरमहा २६,६५० खिशातून जातात. घर रिकामं असेल तर ४४,६५०. ‘भाड्यातून हप्ता निघेल’ हे एजंटचं वाक्य इथेच निकालात निघतं. करसवलतीवरही फार विसंबू नका: नव्या करप्रणालीत घरभाड्याच्या उत्पन्नातला तोटा (म्हणजे भाड्यापेक्षा जास्त भरलेलं व्याज) पगारातून वजा करता येत नाही.

आता यावर ताण देऊन बघा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. तशीच अडीच टक्क्यांची वाढ पुन्हा झाली तर वरचा हप्ता आठेक हजारांनी चढेल, नाहीतर कर्जाची मुदत लांबेल. म्हणून किमान सहा महिन्यांचा रिकाम्या घराचा खर्च, म्हणजे सुमारे २ लाख ६८ हजार, घरच्या अडीअडचणीच्या पैशांपासून वेगळा ठेवता आला पाहिजे. भाडेकरूचं डिपॉझिट यात धरायचं नाही. ते परत द्यायचं असतं, आणि नेमकं तेच आधी खर्च होतं.

हिंमत अशी आकड्यात सापडत नाही. मार्च २०२० मध्ये बाजार पडला तेव्हा तुम्ही एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) चालू ठेवली की बंद केली, यावरून थोडा अंदाज येतो, पण थोडाच. फ्लॅटचा भाव रोज मोबाइलवर दिसत नाही, त्यामुळे घरात पैसे घालणाऱ्याला आपण फार धीराचे आहोत असं उगाचच वाटतं. इथली परीक्षा वेगळी असते. खालच्या फ्लॅटच्या बाथरूमला ओल येते, सोसायटीचं पत्र येतं, प्लंबर म्हणतो टाइल्स उखडाव्या लागतील आणि भाडेकरू म्हणतो मुलाची परीक्षा होऊ द्या. असे दोन आठवडे सोसवतील का, हे स्वतःला आणि सहकर्जदाराला वेगवेगळं विचारा.

हिंमत दांडगी आणि ऐपत तोकडी, हा सगळ्यात घातक जोड. म्युच्युअल फंडातले लाखभर रुपये काही दिवसांत काढता येतात; फ्लॅटची एक बेडरूम विकता येत नाही. इथे उपाय एकच: कर्ज कमी करा, वन बीएचके बघा किंवा थांबा.

उलट ऐपत भक्कम असून धास्ती वाटत असेल, तर ती बरीचशी पैसे मोजून कमी करता येते. हजार-दोन हजार कमी भाड्यात टिकणारा भाडेकरू घ्या, देखभाल कुणावर तरी सोपवा. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर राहायला देण्याचा करार, मात्र नोंदवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि करार लेखी व नोंदणीकृत नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. मुदत संपूनही तो हलला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने रक्कम मागता येते. निकाल लागेपर्यंतचे हप्ते मात्र त्या २ लाख ६८ हजारांतूनच भरायचे.