सांगली अधिक सांगली अधिक धारवाड

निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात शॉर्टवेव्हचे शौकीन अजून आहेत, आणि गच्चीवर लांब तार ताणली की त्यांची तक्रार साधारण सारखीच असते: जिथे दूरदेशीचं केंद्र लागायला हवं तिथे कन्नड बातम्या नि मराठी भावगीत एकत्र कालवलेलं ऐकू येतं. मग सल्ले सुरू होतात. केंद्रवाले भलतीकडे प्रक्षेपण करतात, रेडिओ बदला, बूस्टर लावा. वास्तुवाले तर तारेचं टोक ईशान्येला न्यायला सांगतात! तारेला दिशा लागते हे खरं, पण ती केंद्र कुठे आहे त्यावरून ठरते.

केंद्रांचा यात काही दोष नाही. आकाशवाणी धारवाड मीडियम वेव्हवर ७६५ किलोहर्ट्झचं, सांगली १२५१ चं. दोघांचं कालवण ऐकवणारं ते तिसरं 'केंद्र' तुमच्याच रेडिओत तयार होतं.

रेडिओतल्या पहिल्या ट्रान्झिस्टरचं काम म्हणजे आत येईल ते ठरावीक पटीने वाढवून बाहेर देणं. सिग्नल लहान असेपर्यंत तो हे इमानाने करतो. पण धारवाडचा ट्रान्समीटर २०० किलोवॅटचा, बेळगावपासून जेमतेम ७५ किलोमीटरवर, आणि वर तुमची लांब तार. लग्नातला भोंगा पूर्ण आवाजावर फाटतो तसा इथे सिग्नल फाटतो. गणितात सांगायचं तर बाहेर येणाऱ्यात मूळ लहरींच्या बेरजेसोबत तिचा वर्ग आणि घनही मिसळतो. (अ + ब)² मधलं २अब आठवा. दोन लहरींचा गुणाकार झाला की त्यांच्या वारंवारितांच्या बेरजेची आणि वजाबाकीची अशा दोन नव्या लहरी निघतात. दहावीनंतरच्या त्रिकोणमितीत हे सूत्र आहे. १२५१ + ७६५ = २०१६. घनातलं ३अ²ब हे पद घेतलं तर १२५१ + १२५१ + ७६५ = ३२६७ किलोहर्ट्झ, म्हणजे थेट शॉर्टवेव्हच्या ९० मीटर बँडात. तिथे ना सांगलीचा ट्रान्समीटर आहे ना धारवाडचा.

हे भूत ओळखायची खूण त्याच घनात आहे. अँटेनाकडून येणारा सगळा सिग्नल निम्मा केला तर खरं केंद्र निम्मं होतं, हे ३२६७ वालं मात्र एक अष्टमांशावर येतं. बूस्टरने नेमकं उलट होतं: सिग्नल दुप्पट केला तर भूत आठपट.

एकदा ३२६७ तयार झालं की रेडिओला ते खऱ्या केंद्रापासून वेगळं काढता येत नाही. म्हणून मीडियम वेव्ह अडवून शॉर्टवेव्ह जाऊ देणारा फिल्टर बसवायचा तो तार आणि रेडिओ यांच्या मधे. तीन कपॅसिटर सिग्नलच्या वाटेत एकामागोमाग, आणि त्यांच्यामधल्या दोन सांध्यांवरून एकेक कॉईल जमिनीकडे, म्हणजे अर्थला. २००० किलोहर्ट्झच्या खालचं अडवायचं आणि तार आणि रेडिओ या दोन्हीकडचा विद्युत अडथळा ५० ओहम धरायचा, तर कडेचे कपॅसिटर सुमारे २५०० पिकोफॅरडचे, मधला ८०० चा, कॉईल २.५ मायक्रोहेन्रीच्या. टी५०-२ या लोहचूर्णाच्या लाल कड्यावर २२ वेढे दिले की तेवढी कॉईल होते. धारवाडच्या ७६५ ला मधला कपॅसिटर २६० ओहमचा अडथळा वाटतो आणि कॉईल फक्त १२ ओहमची पळवाट. त्याच्या दहापट, ७६५० वर, आकडे फिरतात: कपॅसिटर २६ आणि कॉईल १२०. पाचही भाग मिळून ७६५ चा व्होल्टेज शंभराव्या हिश्श्याच्याही खाली आणतात. ७२०० च्या पुढच्या ४१ मीटर बँडाला जवळपास धक्का लागत नाही.

एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोबाईलचा चार्जर यांची खरखर मात्र या फिल्टरने जाणार नाही. ती शॉर्टवेव्हच्याच वारंवारितांवर येते. त्यासाठी तार घरापासून लांब न्यावी लागते. फिल्टरच्या डब्यात, फिल्टर टाळून सिग्नल सरळ रेडिओकडे नेणारा एक स्विचही ठेवा, कारण फिल्टर लावून मीडियम वेव्हवर गेलात तर सांगली आणि धारवाड दोन्ही दबलेली ऐकू येतील.