ऑक्सिमीटर ९७ सांगतो, तरी दम का कोंडतो?

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडच्या साथीत घरोघरी पोचला आणि त्याच्यासोबत एक गैरसमजही. आकडा ९७ दिसला की श्वास ठीक आहे. तरीही कुणी धाप लागते म्हणत असेल तर तो उगाच घाबरलाय, असं आपण ठरवून टाकतो. त्याच साथीत डॉक्टरांनी उलटा प्रकारही पाहिला होता. आकडा ८० च्या खाली, आणि रुग्ण निवांत फोनवर बोलतोय!

हे यंत्र मोजतं ते एवढंच, की रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसलेला आहे. मुळात हिमोग्लोबिनच निम्म्यावर आलं असेल, तरी जे उरलंय ते भरलेलंच असतं. आकडा छान येतो आणि रुग्ण जिना चढताना धापा टाकतो. मधुमेहात कधी कधी रक्त आम्लधर्मी होतं, तेव्हा रुग्ण खोल, भराभर श्वास घेत राहतो. तिथेही आकडा उत्तम. कार्बन डायऑक्साइड या यंत्राला दिसत नाही. एकेका श्वासासाठी छातीला किती कष्ट पडतायत, हे तर नाहीच नाही.

श्वास रोखून धरला की होणारी तगमग ऑक्सिजन संपल्यामुळे होते असं बहुतेकांना वाटतं. श्वासाचा लगाम मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हाती असतो, हे हॉल्डेन आणि प्रीस्टली या ब्रिटिश संशोधकांनी १९०५ सालीच दाखवलं होतं. हा वायू वाढला की मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींना लगेच कळतं. ऑक्सिजनवर लक्ष ठेवणाऱ्या पेशी मानेतल्या धमन्यांपाशी असतात, पण आकडा ९० च्या आसपास घसरेपर्यंत त्या फारसा आरडाओरडा करत नाहीत. त्यातून कार्बन डायऑक्साइड कमी असेल तर त्यांची हाक आणखी क्षीण होते. फोनवर बोलणाऱ्या त्या रुग्णाचं कोडं यातून थोडंफार सुटतं.

पण खरी गंमत पुढे आहे. १९५४ साली फाउलर या अमेरिकी संशोधकाने लोकांना अगदी असह्य होईपर्यंत श्वास रोखायला लावलं. मग त्यांना मोकळी हवा न देता एका पिशवीतला वायू ओढायला दिला. त्यात ऑक्सिजन अवघा ८ टक्के होता आणि कार्बन डायऑक्साइड साडेसात टक्क्यांच्या आसपास. अशा वायूने रक्त सुधारण्याची शक्यताच नव्हती. तरीही दोन-चार श्वासांत तगमग ओसरली आणि ते लोक पुन्हा श्वास रोखू शकले. दिलासा दिला तो छातीच्या नुसत्या हालचालीने!

मग धाप म्हणजे स्नायूंचा थकवा का? तेही नाही. १९९० मध्ये बॅनझेट या अमेरिकी संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शुद्धीवर असलेल्या निरोगी लोकांचे स्नायू औषधाने पूर्ण लुळे केले, श्वास यंत्राने चालू ठेवला आणि कार्बन डायऑक्साइड वाढवला. एकही स्नायू हलत नसताना त्यांना हवा कमी पडत असल्याची तीव्र जाणीव झाली.

हे दोन प्रयोग जोडले की यंत्रणा दिसू लागते. मेंदूच्या तळातलं श्वसनकेंद्र स्नायूंना हुकूम सोडतं, तेव्हा त्याची एक प्रत मेंदूच्या वरच्या, जाणिवेच्या भागाकडेही जाते. दुसरीकडून फुप्फुसातले ताण ओळखणारे चेतातंतू आणि छातीचे स्नायू ‘किती फुगलो’ याचा अहवाल पाठवतात. हुकूम मोठा आणि अहवाल तोकडा, ही तफावत म्हणजेच धाप. फाउलरच्या पिशवीने हुकूम कमी केला नाही, अहवाल तेवढा सुधारला. कॅम्पबेल आणि हॉवेल या संशोधकांनी १९६३ मध्ये स्नायूवरचा ताण आणि त्याची प्रत्यक्ष बदललेली लांबी यांचा मेळ न बसणं, अशा भाषेत जवळपास हेच मांडलं होतं.

सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. त्याच्या रुग्णाला काय वाटतं, ते निरोगी माणसाला अनुभवता येतं. छाती भरून श्वास घ्या, थोडासाच सोडा आणि तिथूनच वरच्यावर पुढचे श्वास घेत राहा. पाच-सहा श्वासांत वैताग येईल. या रुग्णांच्या अरुंद नळ्यांतून हवा पूर्ण बाहेर पडत नाही, चालताना ती आणखी साठते आणि छाती आधीच फुगलेली असल्याने पुढच्या श्वासाला जागाच उरत नाही. म्हणून ‘जोरात श्वास आत घ्या’ हा घरच्यांचा सल्ला त्यांच्या कामाचा नाही. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडला आणि हात टेकवून किंचित पुढे वाकून बसलं, तर फायदा होतो. हृदय कमजोर असेल तर कारण वेगळं. फुप्फुसात पाणी साचू लागलं की केशवाहिन्यांलगतचे ‘जे’ ग्राहक, म्हणजे असे बदल टिपणारी चेतातंतूंची टोकं, चेततात आणि धाप लागते. ते शोधले ऑटार सिंग पेंटल या भारतीय शास्त्रज्ञाने.

२०२० मध्ये ‘दहा सेकंद श्वास रोखता आला तर कोविड नाही’ अशी एक चाचणी फिरत होती. फुप्फुसात विषाणू आहे की नाही, हे त्यातून कळायला काहीच मार्ग नाही.

धाप मोजायची तर रुग्णालाच विचारावं लागतं. शून्य ते दहाच्या बोर्ग मोजपट्टीवर किती? सपाटीवर बरोबरीच्यांसोबत चालता येतं का? आडवं झालं की वाढते का, किती उशा लागतात, मध्यरात्री दम कोंडून जाग येते का? अचानक आलेली धाप, छातीत दुखणं, वाक्य पूर्ण न होणं, ओठ निळे पडणं किंवा गुंगी, यांपैकी काहीही असेल तर प्रश्नोत्तरांत वेळ घालवू नये, रुग्णालय गाठावं.

मूळ आजारावर उपचार हवेतच. ते पुरे करूनही धाप उरते, तेव्हा छोटा पंखा कामी येतो. पंख्याचा झोत चेहऱ्यावर घेतला की धाप कमी होते, पायावर घेतला तर तसा फरक पडत नाही, हे तुलना करून पाहिलेलं आहे. गाल आणि नाकाभोवतीची थंडावा ओळखणारी चेता मेंदूकडच्या अहवालात भर घालते. मेन्थॉल हुंगल्यावर नाक मोकळं वाटतं ते याच वाटेने. आत जाणारी हवा असते तेवढीच असते. ऑक्सिजनचं काय? २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत, गंभीर आजार असूनही ऑक्सिजन फारसा कमी नसलेल्या २३९ रुग्णांना नाकातल्या नळीतून ऑक्सिजन किंवा साधी हवा दिली गेली. आराम दोन्ही गटांना सारखाच पडला. ज्यांचा ऑक्सिजन खरोखरच खाली आहे त्यांना तो द्यायलाच हवा. बाकीच्यांना सिलिंडरला बांधून ठेवण्यापेक्षा बेताने चालवलेलं बरं, कारण धापेच्या भीतीने बसून राहिलं की पायांचे स्नायू खंगतात आणि पुढच्या वेळी थोड्याशा चालण्यानेही श्वासाची मागणी वाढते. थोड्या मात्रेतलं मॉर्फिन, हे अफूपासूनचं वेदनाशामक, ही तगमग बोथट करतं असं बरीच वर्षं मानलं गेलं, पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत सीओपीडीच्या रुग्णांची धाप त्याने कमी झाली नाही. त्यामुळे ते कुणाला द्यायचं याचा निर्णय डॉक्टर एकेका रुग्णाकडे पाहून घेतात.