असेसमेंटचा नंबर लागेपर्यंत नुसतं थांबून राहू नका

नमस्कार आईबाबा,

आमच्या साताऱ्याच्या सेंटरमध्ये लहान मुलांच्या ऐकण्या-बोलण्याची आणि वाढीची तपासणी, म्हणजे असेसमेंट, आणि थेरपी होते. तिथं फोन लावला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, नंबर कधी लागेल? मागच्या वर्षी आम्हाला "अडीच महिन्यांनी" असं सांगावं लागत होतं आणि सांगताना जीव खालीवर व्हायचा, कारण दीड वर्षाच्या लेकराचे अडीच महिने वाया जाणं म्हणजे काय ते आम्ही रोज बघतो. म्हणून कामाची पद्धत बदलली, ती इथं लिहितोय, त्यात तुमची मदत कुठं लागते तेसुद्धा.

थेरपिस्ट कमी आणि मुलं जास्त, हे खरंच आहे. पण आमची डायरी काढून बघितली तर कितीतरी वेळा मूल आलं, वेळ दिली, आणि टेस्ट झालीच नाही असं दिसलं. बेराचंच घ्या. ऐकू येण्याची ही टेस्ट लहान मूल गाढ झोपलेलं असतानाच नीट होते, डोक्याला आणि कानामागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवावे लागतात. पाटणकडून एक ताई पहाटेची एसटी पकडून आल्या, बाळ गाडीत मस्त झोपलं आणि आमच्या टेबलावर आल्यावर टक्क जागं, त्यात घरून डोक्याला छान तेल चोपडून आणलेलं, इलेक्ट्रोड चिकटेचनात. दिवस गेला, मजुरी बुडली, परत हेलपाटा. चूक त्यांची नव्हती, आम्ही आधी सांगायला पाहिजे होतं. आता आदल्या दिवशी फोन करून सांगतो: केस धुवून आणा, तेल नको, रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा, गाडीत काही करून डोळा लागू देऊ नका, दूध इथं आल्यावर पाजा. सर्दी असेल, कानात मळ असेल तर आधीच कळवा, नाहीतर कानाच्या तपासणीत उगाच फेल येतं आणि घरभर घाबरगुंडी.

दुसरा बदल म्हणजे पहिलं बोलणं फोनवर, त्याचे पैसे नाहीत. जो आधी फोन करेल त्याचा नंबर आधी, असं आता आम्ही करत नाही. एक वर्षाच्या आतलं बाळ, ऐकू येत नसल्याची शंका, जन्मल्यावर उशिरा रडलेलं किंवा पेटीत ठेवलेलं आणि अजून मान धरत नाही असं बाळ, नाहीतर आधी दोन-चार शब्द बोलायचं आणि आता बंद झालं असं मूल, यांना आधी घेतो. झटके येत असतील तर आमची वाट बघू नका, सरळ बालरोगतज्ज्ञांकडे जा. बाळाच्या ऐकण्याबाबत जगभर मानलं जाणारं गणित सोपं आहे, 1 महिन्याच्या आत तपासणी, 3 महिन्यांच्या आत निदान, 6 महिन्यांच्या आत उपचार सुरू. "याचा बापपण उशिराच बोलला" असं घरातले प्रेमानंच म्हणतात, पण दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल तर दाखवून घ्या, काही निघालं नाही तर आनंदच आहे.

येण्याआधी मोबाईलवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढून पाठवा. जेवताना, खेळताना, मागून हाक मारल्यावर वळतं का. नवीन जागेत मूल पहिली चाळीस मिनिटं रडतं आणि आम्हाला खरं मूल दिसतच नाही, घरचा व्हिडिओ ते दाखवतो. सोबत जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड आणि आधीचे सगळे रिपोर्ट, जुने झाले म्हणून टाकू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आणि थेरपी या दोन वेगळ्या रांगा आहेत आणि एकीसाठी दुसरी अडवू नका! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायचं, त्याला वेळ लागतो, लहान मुलांना बऱ्याचदा ठराविक मुदतीचंच सर्टिफिकेट मिळतं. ते काढाच, कारण ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर त्याच्या जोरावर सरकारच्या निरामय योजनेत 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचाही काही खर्च बसतो, म्हणून पावत्या जपून ठेवा. पण थेरपी सुरू करायला दिव्यांगत्वाच्या टक्केवारीचा कागद लागत नाही.

आमच्याकडेच या असंही नाही. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येणारं आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) पथक तुम्हाला माहीत असेल, 2013 ला पालघरमधून सुरू झालेला हा सरकारी कार्यक्रम, त्यात शंका आली की मुलाला जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्राकडे, म्हणजे लहान मुलांच्या लवकर निदान-उपचारांच्या सरकारी केंद्राकडे, पाठवतात आणि तिथं मोफत बघतात. दोन्हीकडे नाव द्या, जिथं आधी नंबर लागेल तिथं जा, आमचा रिपोर्ट तिकडे चालावा म्हणून आम्ही सही-शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबरसकट देतो. कुठंही गेलात तरी स्पीच थेरपिस्टचा, सायकॉलॉजिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणीचा नंबर विचारा, संकोच करू नका.

आणि तोपर्यंत घरी? मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. वस्तू लगेच हातात देऊ नका, "दूध की केळं?" असं दोन्ही दाखवून विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा, थांबणंच अवघड असतं. बडबडगीत म्हणताना शेवटचा शब्द अडवून धरा. जेवताना मोबाईल बंद, निदान एक वेळ तरी. आमच्या एका बाबांनी रोज संध्याकाळी गोठ्यात लेकीला सोबत घेऊन एवढंच केलं, म्हशीला चारा टाकायच्या आधी "दे?" म्हणून थांबायचे, पहिल्या असेसमेंटला आली तेव्हा ती "दे" म्हणत होती.

यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत व्हॉट्सॲपवर नुसतं "नाही" लिहा, कारण द्यायची गरज नाही. तुमची वेळ आम्ही लगेच यादीतल्या पुढच्या मुलाला देतो आणि तुम्हाला नवीन तारीख त्याच आठवड्यात कळवतो, तुमचा नंबर शेवटी ढकलत नाही.