मानवी ऊतकांवरील मालकी हक्क

शस्त्रक्रियेत काढलेली गाठ, बायॉप्सीचा तुकडा किंवा तपासणीनंतर उरलेले रक्त संशोधनासाठी वापरले, तर त्यावर हक्क कोणाचा? मूर खटल्यात (१९९०) कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने काढलेल्या पेशींवर रुग्णाची मालकी मानली नाही. त्याच्या प्लीहेतील पेशींपासून तयार केलेल्या पेशीमालिकेचे (प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या पेशींचे) पेटंट त्याला न सांगता घेतले गेले होते. संशोधनातला आणि पैशाचा आपला हेतू डॉक्टरने संमती घेतानाच उघड करायला हवा, एवढे मात्र न्यायालयाने ठरवले.

भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. १९९४ चा प्रत्यारोपण कायदा उपचारापुरता आहे; २००२ च्या जैवविविधता कायद्याने मानवी जनुकीय सामग्री व्याख्येतच वगळली आहे. उरतात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे : नमुना देणाऱ्याचा, संस्था फक्त विश्वस्त. प्रत्यक्षात हा हक्क संमतिपत्रात जेवढे लिहिले असेल तेवढाच टिकतो.

मुंबईत खरी ओढाताण पॅराफिन ब्लॉकवरून, म्हणजे मेणात बसवून जपलेल्या ऊतकाच्या तुकड्यावरून होते. परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरून येणारे रुग्ण आधीच्या बायॉप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक सोबत आणतात, कारण निदानाची फेरतपासणी आणि पुढच्या जनुकीय चाचण्या त्यावरच होतात. सुईने घेतलेली बायॉप्सी जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीची असते; संशोधनासाठी काप घेत गेले की ब्लॉक संपतो आणि रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागते. म्हणून ताज्या ऊतकातून निदानाला लागणारा भाग पॅथॉलॉजिस्टने आधी बाजूला काढून १० टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवायचा, उरलेलाच ऊतकपेढीला (संशोधनासाठी नमुने साठवणाऱ्या विभागाला) द्यायचा. तो लवकरात लवकर, शक्यतो अर्ध्या तासात, गोठवून उणे ८० अंशांवर ठेवतात. उशीर झाला की त्यातील आरएनए हा जनुकीय रेणू तुटू लागतो.

संशोधनाची संमती शस्त्रक्रियेच्या संमतीपेक्षा वेगळ्या कागदावर, रुग्णाला समजणाऱ्या भाषेत हवी. ऑपरेशनच्या सकाळी गठ्ठ्यातून पुढे केलेल्या कागदावरची सही ही संमती नव्हे. वापर एकाच अभ्यासासाठी की पुढच्या कोणत्याही संशोधनासाठी, नमुना परदेशी किंवा कंपनीकडे जाणार का, नफा झाल्यास वाटा काय, हे त्यात स्पष्ट असावे.

संमती मागे घेता येते, पण नमुन्यावर सांकेतिक क्रमांक असेपर्यंतच. ओळख पूर्ण पुसल्यावर तो शोधून नष्ट करता येत नाही. उलट, १९५२ मध्ये मुंबईत प्रथम नोंदलेल्या बॉम्बे रक्तगटासारखे दुर्मीळ लक्षण असेल, तर नाव काढूनही कुटुंब ओळखू येऊ शकते. माघारीचा अर्ज प्रमुख संशोधकाकडे किंवा एथिक्स कमिटीकडे लेखी द्यावा. त्यांचे संपर्क क्रमांक माहितीपत्रकावर असतात, म्हणून त्याची आणि सही केलेल्या संमतिपत्राची प्रत मागून घ्यावी.